पाहुणा नसलेलं गिऱ्हाईक

आमच्या केंद्रात एक लोखंडी कपाट आहे. त्यात तुटलेल्या वायरी, जळालेल्या मोटारी, अर्धवट कापलेल्या प्लास्टिकच्या नळ्या आणि एका ड्रोनचा एकटाच पंखा आहे. दरवर्षी दिवाळीच्या आधी मी ते आवरायला काढते आणि दरवर्षी कुणीतरी पोरगं धावत येऊन म्हणतं, "मावशी, ते टाकू नका, लागेल!" आजवर त्यातलं काहीच कुणाला लागलेलं नाही. कपाट मात्र भरत चाललंय. किस्स्यांचं अगदी तसंच झालंय. टाकवत नाहीत, आणि ठेवायला जागा नाही. म्हणून म्हटलं, आज थोडे बाहेर काढून बघू.

केंद्र म्हणजे आमच्या विद्यापीठाचं नवउद्योग केंद्र. बारामतीहून इंदापूरकडे जाताना लागतं. आधी ते बियाण्याचं गोदाम होतं. हवा दमट झाली की भिंतींना अजून ज्वारीचा वास येतो. मुलांनी शिकता शिकता काहीतरी नवं करावं, नोकरीच्या मागे न लागता स्वतःचा धंदा काढावा, म्हणून विद्यापीठानं तिथे टेबलं टाकली, इंटरनेट दिलं आणि नागपूरहून सोनटक्के सरांना आणलं.

मी तिथे मदतनीस आहे. कुलूप काढणं, चहा करणं, पाहुण्यांना बसवणं आणि रडणाऱ्या पोरांना पाणी देणं ही माझी कामं. शिक्षण बारावी. पण 'स्टार्टअप', 'पिच', 'प्रोटोटाइप' हे शब्द आता मलाही येतात. एकदा घरी जाऊबाईंनी नवीन भाजी केली, तर माझ्या तोंडून गेलं, "आधी कुणाला चाखवून फीडबॅक घेतला का?" तेव्हापासून घरात मी जपून बोलते.

सोनटक्के सर शिस्तीचे. त्यांना हसताना मी पाहिलेलं नाही आणि रागावतानाही नाही. या भागात त्यांचं कुणीही नव्हतं. ना भाऊ, ना साडू, ना कुणाच्या चुलत सासऱ्याचा मेव्हणा. अख्ख्या तालुक्यात ज्याला एकही पाहुणा नाही असा मी पाहिलेला हा पहिला माणूस. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

*

कोऱ्हाळे बुद्रुकचा ओंकार आमच्या पहिल्या पोरांपैकी. त्यानं गुळाच्या वड्या काढल्या. एका कपाला एक वडी टाकायची, ढवळायचं, की चहा तयार. चव चांगली होती. मी स्वतः प्यायले.

एका सोमवारी ओंकार धावत आला. "सर, सगळा स्टॉक संपला! एका दिवसात!"

सरांनी मला पेढे आणायला पाठवलं. सगळ्या टेबलांवर पेढे वाटले. सर म्हणाले, "बघा, याला म्हणतात मार्केट." मग त्यांनी विचारलं, "कुठे विकल्या?"

"आत्याच्या पोरीच्या लग्नात, सर. आलेल्या प्रत्येकाला एक पाकीट."

"आणि पैसे?"

ओंकारला प्रश्नच कळला नाही. तो म्हणाला, "सर, आत्या आहे."

"मग याला विक्री कसं म्हणता?"

"संपल्या ना सर!"

सरांनी हातातला पेढा खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी भिंतीवर मोठ्या अक्षरांत नियम लागला: 'पहिला ग्राहक नातेवाईक नसावा.' ठरलेल्या मुदतीत बाहेरचं एक तरी गिऱ्हाईक मिळवायचं, नाहीतर टेबल रिकामं करायचं.

नागपूरच्या माणसाला हा नियम साधा वाटला. पोरांनी तो वाचला आणि शांतपणे एकमेकांकडे पाहिलं. एकजण हळूच म्हणाला, "आता पुण्याला जाऊन विकायला लागणार."

दुसरा म्हणाला, "पुण्यात तर आपलेच जास्त आहेत."

*

पुढच्या वर्षी टेबलं वाटायची होती तेव्हा पुण्याहून परीक्षक आले. प्रत्येकानं तीन मिनिटांत आपली कल्पना सांगायची. तीन मिनिटं झाली की घंटा. घंटा माझ्याकडे होती.

ओंकार यावेळी ड्रोन घेऊन आला होता. आजोबा गावच्या सोसायटीचे जुने चेअरमन, त्यामुळे त्याला भाषणाची सवय लहानपणापासून. तो उभा राहिला आणि सुरू झाला, "आजच्या या कार्यक्रमाचे अध्यक्ष, व्यासपीठावर उपस्थित आदरणीय..." मग एकेका परीक्षकाचं नाव, पद, गाव. मग प्राचार्य. मग सर. मग मी! मग समोर बसलेले तमाम विद्यार्थी बंधू आणि भगिनी. "आणि ज्यांचं नाव अनवधानानं राहिलं असेल त्यांनी..." इथे मला घंटा वाजवावी लागली. ड्रोन टेबलावर तसाच.

सर म्हणाले, "दुपारी पुन्हा संधी देतो. पण कुणाचंही नाव घ्यायचं नाही. समजलं?"

"समजलं सर."

दुपारी ओंकार उभा राहिला. म्हणाला, "ज्यांची नावं घ्यायला मनाई आहे असे व्यासपीठावरील डावीकडून पहिले साहेब, डावीकडून दुसऱ्या मॅडम, डावीकडून तिसरे..."

मी घंटा वाजवली.

त्याच्यानंतर एक मुलगी आली. कळसची, रुपाली गावडे. ती म्हणाली, "माझे आबा उसाचा ट्रॅक्टर चालवतात. मागे दोन ट्रॉल्या असतात. ट्रॉलीला मागे दिवा नसतो." आणि गप्प उभी राहिली.

परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पुढे?"

"पुढे काही नाही. दिवा मी केलाय."

तिनं पिशवीतून तो काढला आणि लावून दाखवला. लाल, तळहाताएवढा, बॅटरीवर चालणारा. ट्रॉलीच्या कडीला अडकवायचा, बास. तिला पहिल्याच फटक्यात टेबल मिळालं. ओंकारलाही मिळालं, कारण आजोबांनी मागून येऊन डावीकडून पहिल्या साहेबांना सांगितलं की पोरगा कामाचा आहे, फक्त संस्कार जास्त झालेत.

*

ओंकारच्या ड्रोनचं प्रात्यक्षिक त्यांच्याच उसात ठेवलं होतं. ड्रोननं वरून उसाचे फोटो घ्यायचे आणि कुठे रोग आहे ते पडद्यावर दाखवायचं. कृषी खात्यातले एक साहेब आले होते. सर होते, मी चहाचा थर्मास घेऊन गेले होते.

ओंकारचे आजोबा, म्हणजे तात्या, ताट घेऊनच उभे. "नवी वस्तू हाय. पूजा केल्याबिगर वर सोडायची न्हाय."

ओंकार म्हणाला, "तात्या, हार नको, पंख्यात अडकंल."

तात्यांना ते पटलं. पण आणलेला हार परत कसा न्यायचा? तो त्यांनी सोनटक्के सरांच्या गळ्यात घातला. मग नारळ फोडला, पाणी शिंपडलं, आणि ड्रोनच्या पुढच्या बाजूला डोळ्यासारखं काहीतरी होतं तिथे मधोमध, ठळक, कुंकू लावलं.

ड्रोन उडाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी पडद्यात डोकं घातलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो, सगळा प्लॉट लाल दिसतोय! हा तर तांबेरा आहे. एक कांडं शिल्लक नाही!"

तात्या मटकन बांधावर बसले. "काल तर हिरवागार हुता वं साहेब!"

ओंकारनं ड्रोन खाली उतरवला, बघितला, रुमालानं काच पुसली आणि परत वर सोडला. पडदा हिरवागार!

तात्या उठले. टोपी काढली, आभाळाकडे बघून हात जोडले आणि साहेबांना म्हणाले, "बघितलं का? पूजेचा गुण!"

सरांच्या गळ्यात हार तसाच होता.

*

आता रुपालीचं सांगते, कारण माझा जीव त्या पोरीत अडकला होता.

तो दिवा तिनं उगीच केलेला नव्हता. आधीच्या हंगामात तिच्या आबांची, म्हणजे वडिलांची, ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती, टायर बदलायला. दिवेलागणीची वेळ. शेजारच्या गावचे एक मास्तर मोटारसायकलवरून आले आणि मागून धडकले. जीव वाचला, पण मास्तर अजून पाय ओढत चालतात. आबांनीच त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. पण घरी कुणी विषय काढला की आबा ताटावरून उठायचे.

रुपालीनं पहिला दिवा तयार झाल्यावर आबांच्या हातात दिला. त्यांनी उलटासुलटा करून बघितला आणि खिडकीत ठेवला. "मी म्होरं बघून गाडी चालवतो. मागं न्हाय."

तेवढंच. दिवा खिडकीतच राहिला.

घरी ठरलं होतं की ऊस हंगाम संपेपर्यंत काय ते कर. तोवर गिऱ्हाईक मिळालं तर ठीक, नाहीतर टेबल सोडायचं आणि गुमान बँकेच्या परीक्षेच्या क्लासला बसायचं. सरांची मुदतही नेमकी तेवढीच. रुपालीनं घरी नियम सांगितला, तेव्हा आबा म्हणाले होते, "आपल्या मुलखात पाव्हणा नसलेलं गिऱ्हाईक? त्यापरीस वाघ हुडक, लवकर घावंल."

तिनं हे मला हसत सांगितलं. पण सांगताना ती दिव्याची वायर पुन्हा पुन्हा गुंडाळत होती.

*

कारखाना सुरू झाल्यावर सरांनी आम्हा दोघींना तिकडे पाठवलं. उसाच्या गाड्या जिथे नंबरासाठी रांगेत उभ्या असतात त्या यार्डात. प्रत्येक ट्रॅक्टरवर स्पीकर, प्रत्येकाचं गाणं वेगळं. पिशवीत दिवे होते.

पहिला ड्रायव्हर वरूनच म्हणाला, "कुठली गं तू?"

"कळसची, दादा."

"कळसात कुणाची?"

"गावड्यांची."

"वरच्या आळीच्या का खालच्या?"

"वरच्या."

"मग शालन तुजी कोण?"

"मोठी आत्या."

त्यानं गाणं बंद केलं आणि खाली उडी मारली. "आगं, मग तू आमच्या साडूच्या भावाची भाची! आन् मला दादा म्हणतीस? मामा म्हण!" दिवा घेतला, ट्रॉलीला अडकवला, लावून बघितला, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "झ्याक केलायस. मामाकडनं पैसं घ्यायचं नसत्यात, म्हाईत हाय न्हवं?"

पुढचा ड्रायव्हर त्याचा भाऊ होता. त्याच्या पुढचा भावाचा मेव्हणा.

चौथा मात्र कुणीच निघाला नाही. त्यानं भाव विचारला. खिशात हात घातला. रुपालीनं माझा हात घट्ट धरला. पैसे मोजता मोजता त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुमी माळेगावच्या का वो? शिंद्यांच्यात?"

खोटं बोलायची मला सवय नाही. मी म्हटलं, "माहेर तिथलंच."

"आवो, मग तुमची थोरली भन माजी मामी! आन् ही पोरगी तुमच्यासंगं आली म्हंजी घरचीच की!" पैसे परत खिशात गेले.

आम्ही परतलो तेव्हा पिशवीत एकही दिवा नव्हता. उसाचे दोन भारे होते, डाळिंबं होती आणि रुपालीसाठी एक स्थळ होतं. मुलगा कारखान्यात परमनंट.

सर दारातच उभे होते. "किती विक्री?"

रुपाली म्हणाली, "सर, चार मामा मिळाले."

*

मग मी तिला म्हटलं, बीडकडून ऊस तोडायला टोळ्या आल्यात, त्यांचे मुकादम लांबचे, त्यांच्यात आपलं कोण असणार? हे डोकं माझं, म्हणून मी सोबत गेले.

मुकादम भला माणूस. त्यानं दिवा बघितला, गाडीला लावून बघितला, लांब जाऊन दिसतो का तेही बघितलं. भाव पाडला नाही. पूर्ण पैसे काढले. मी मनात म्हटलं, झालं!

पैसे देताना तो म्हणाला, "ताई, यंदा भाऊबीजच झाली नाही माझी. टोळी घेऊन निघावं लागलं. बहीण दारात वाट बघत बसली असंल." आणि पैसे रुपालीच्या हातात न देता तिनं पुढे केलेल्या पिशवीत, वाकून, ताटात टाकल्यासारखे टाकले. "ही ओवाळणी समज. नाही म्हणू नको."

काय करणार? रुपालीनं टोळीतल्याच एका बाईचं कुंकू घेऊन त्याला टिळा लावला. मी पदरानं डोळे पुसले.

सरांना सगळं जसं घडलं तसं सांगितलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. मग म्हणाले, "ग्राहक अनोळखी होता, हे मान्य. रक्कम पूर्ण मिळाली, हेही मान्य. पण ही विक्री नाही. ही भाऊबीज आहे."

*

सर नियमाचे पक्के. कुणी गिऱ्हाईक मिळालं म्हणालं की ते स्वतः फोन करून खात्री करायचे. रुपालीच्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी माझ्यासमोर फोन लावला.

"आपण दिवा विकत घेतला का?"

"घेतला की. रोख."

सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "रुपाली गावडेला आपण आधीपासून ओळखता का?"

"वळखतो म्हंजी? कडंवर खेळवलीया!"

सरांनी फोन ठेवला.

एव्हाना दिवा मात्र गाजायला लागला होता. कुणीतरी ड्रायव्हर म्हणाला, "पोरी, ह्यो गाण्यावर नाचतोय का?" रुपालीनं दोन दिवस घालवून तो स्पीकरच्या ठेक्यावर उघडझाप करेल असा केला. मग काय विचारता! संध्याकाळी रस्त्यानं बघावं तर गाड्यांच्या मागे लाल दिवे नाचत चाललेले. सुरक्षिततेसाठी कुणी दिवा मागितला नव्हता, नाचण्यासाठी सगळे मागायला लागले. मागणारे सगळे मामा, काका, दाजी. काहींनी पैसेही दिले. पण भिंतीवरचा नियम तिथेच होता.

एकाच ट्रॅक्टरच्या मागे अंधार होता. यार्डात लोक आबांना चिडवायचे, "गावडे, पोरगी गावाच्या मागं दिवं लावती आन् तुमच्या मागं काय?"

आबा म्हणायचे, "माजा नंबर आला का बघा."

*

हंगाम संपत आला तशी रुपाली घाबरली. एकदा यार्डात एका नव्या ड्रायव्हरनं गाव विचारलं, तर ती सरळ खोटं बोलली. "नागपूरची."

ड्रायव्हर खूश झाला. "नागपूर? आमची धाकटी तितंच दिलीया! नागपुरात कुणाची?"

तिला नागपूरचं एकच आडनाव माहीत होतं. "सोनटक्क्यांची."

दुसऱ्या दिवशी तो ड्रायव्हर इस्त्रीचे कपडे घालून केंद्रात हजर. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की सोनटक्के म्हणजे इथले मोठे साहेब. त्यानं सरांचे दोन्ही हात धरले. "पाव्हणं! आवो हितं जवळ आसून कळवलं न्हाय?"

सर शांतपणे म्हणाले, "आपला गैरसमज होतोय. माझे इथे कुणीही नातेवाईक नाहीत. असणं शक्य नाही."

"धाकटीच्या सासूचं माहेर सोनटक्क्यांचं. बाप पोस्टात हुता म्हणं तिचा. घराच्या दारात मोठ्ठं चिंचंचं झाड."

सर खुर्चीत बसले. मी आणलेला चहा त्यांनी बाजूला सरकवला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "ते माझे सख्खे चुलते."

त्या रविवारी सर ड्रायव्हरच्या घरी जेवायला गेले. सोमवारी आले ते डब्यात पुरणपोळ्या घेऊन. भिंतीवरच्या नियमासमोर ते जरा वेळ उभे राहिलेले मी पाहिलं. पण नियम काढला नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

*

शेवटच्या आठवड्यात कारखान्याचा ऊस जवळपास संपला होता. रुपालीनं टेबल आवरायला घेतलं. वायरी, बॅटऱ्या, लाल काचा, सगळं खोक्यात भरत होती. मी लोखंडी कपाट उघडून म्हटलं, "यात ठेव. लागेल." ती हसली नाही. ओंकार तिच्या खोक्याला दोरी बांधत होता आणि उगाच जास्त गाठी मारत होता.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. दोन रिकाम्या ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर विद्यापीठाच्या फाटकातून आत आला होता आणि वॉचमन शिट्टी मारत मागे पळत होता. ट्रॅक्टर आमच्या दारात थांबला. एक उंच गृहस्थ उतरले. पांढरे कपडे, टोपी, नवी पायताणं. मी त्यांना यार्डात लांबून कितीदा तरी पाहिलं होतं.

रुपालीनं वर बघितलं आणि परत खोक्यात बघायला लागली.

ते सरळ सरांच्या टेबलापाशी गेले. "हितं दिवं मिळत्यात का? ट्रॉलीला लावायचं?"

सर उभे राहिले. "मिळतात. आपलं नाव?"

"किसन गावडे."

सरांनी चष्मा पुसला. "गाव?"

"कळस."

"या मुलीला आपण ओळखता का?"

त्यांनी वळून रुपालीकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. दोघांचं नाक एक, कपाळ एक, उभं राहायची तऱ्हासुद्धा एक.

"न्हाय बा."

"नक्की?"

"कळस लई मोठं गाव हाय, साहेब."

सर म्हणाले, "ठीक आहे. रुपाली, ग्राहक आलेत."

ती पुढे आली. "ट्रॉल्या किती आहेत, काका?"

"दोन."

"पुढची घेऊन गेल्यावर मागची रस्त्याला एकटी उभी राहते कधी?"

त्यांनी टोपी सारखी केली. "ऱ्हाती. राहिली हुती एकदा."

"मग दोन्हींना लागतील."

"दोन द्या." मग भाव विचारला. रुपालीनं सांगितला. "लई हुतंय. कायतरी कमी करा."

"बाहेरच्या माणसाला कमी करत नाही आम्ही," रुपाली म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि पूर्ण पैसे टेबलावर ठेवले. सरांनी विचारलं, "नाचणारा देऊ का साधा?"

"नाचणारा कशापायी? साधा. सारखा जळत राहील आसा."

मी चहा आणला. "नगं," म्हणाले, "अनोळखी ठिकाणी मी घेत न्हाय." दिवे काखेत धरून दारापर्यंत गेले, तिथे थांबले आणि मागे न बघता म्हणाले, "डबा खाल्लास का?"

ओंकारच्या हातातली दोरी थांबली.

ते वळले. ओंकारकडे बघितलं, बाकीच्या पोरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सगळ्यास्नी इचारतोय. डबं खाल्लं का?"

ओंकार म्हणाला, "खाल्ले, काका."

"हां. खात जावा येळंवर."

ते बाहेर गेले. वाकून त्यांनी आधी एका ट्रॉलीला दिवा अडकवला, मग दुसरीला. लांब जाऊन दोन्ही बघितले. मास्तर ज्या अंतरावरून आले असतील तितके लांब गेले. मग ट्रॅक्टर चालू करून निघाले. आम्ही सगळे खिडकीत. भर दुपारचं ऊन होतं, तरी दिवे दिसत होते.

सर म्हणाले, "सुमनताई, पेढे आणा. ग्राहक बाहेरचा आहे."

मी म्हटलं, "हो सर."

ओंकार दोरीच्या गाठी सोडायला लागला. रुपाली एकदम म्हणाली, "सर! त्यांना पावती द्यायची राहिली!"

"आता ते गेले. कुठे शोधणार त्यांना?"

"संध्याकाळी देते ना," ती म्हणाली. "जेवायला वाढताना."

सर खिडकीतून रस्त्याकडेच बघत होते.

"आठवणीनं दे," ते म्हणाले.